ओसरीवरील विजेची जोडणी

घरांत वीज आली म्हणजे तिची गरज घरापुरती राहत नाहीं. ओसरीवर धान्य वारवण्याचा पंखा, पडवींत कडबाकुट्टी, अंगणांत पाण्याची लहान मोटर, असें कांहीं ना कांहीं निघतेंच. आणि मग खिडकींतून एक लांब वायर बाहेर ओढली जाते. तिला ठिकठिकाणीं सांधे असतात, जनावरें तिच्यावरून चालतात, पावसाळा लागला तरी ती तशीच पडून असते. ही सोय नव्हे, दारांत बाळगलेलें संकट होय. त्याऐवजीं ओसरीवर कायमचें सॉकेट कसें बसवून घ्यावें, हें शेतकरी बंधूंच्या नजरेस आणणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम भार मोजावा. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट, व एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. दोन अश्वशक्तीची कडबाकुट्टी चालतांना सुमारें १० ते १२ अँपिअर प्रवाह घेते, आणि सुरू होतांना क्षणभर त्याच्या कित्येक पट. अशा यंत्रास ६ अँपिअरचें सॉकेट उपयोगी नाहीं. १६ अँपिअरचें, तीन पिनांचें घ्यावें, व त्यासाठीं मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणावी. दिव्याच्या वायरीस फांटा फोडूं नये.

दुसरी गोष्ट जीवरक्षणाची. फ्यूज अगर एम.सी.बी. वायरीचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. १६ अँपिअरचा एम.सी.बी. तितक्या प्रवाहापर्यंत स्वस्थ बसतो. माणसाचा जीव जाण्यास अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. म्हणून त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. अवश्य बसवावा. जाणारा व परतणारा प्रवाह यांत तफावत पडली, म्हणजे कांहीं प्रवाह भलत्या वाटेनें जमिनींत उतरूं लागला, कीं तो तत्काळ वीज तोडतो. त्यावरील चांचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. इतकें करूनही अर्थिंग हवेंच. त्याची हिरवी वायर अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत न्यावी. ती पाण्याच्या नळास गुंडाळूं नये, कीं सॉकेटांत न्यूट्रलशीं जोडूं नये. उन्हाळ्यांत खड्ड्यांत पाणी घालीत जावें. माणसापेक्षां गाईबैलांस कमी दाबाचा धक्काही बाधतो, हें गोठा जवळ असणारांनीं ध्यानांत ठेवावें.

सॉकेट पागोळ्यांपासून दूर, भिंतीवर चार-साडेचार फूट उंचीवर, झांकणाच्या पावसाळी पेटींत असावें. वायरीची नळी पेटींत खालच्या बाजूनें घ्यावी, म्हणजे नळीवरून ओघळणारें पाणी आंत शिरत नाहीं.

आतां कायद्याविषयीं. शेतीपंपाच्या पेटींतून ओसरीपर्यंत वायर आणण्याचा मोह पुष्कळांस होतो. जोडणी ज्या कामासाठीं मंजूर, त्याहून निराळा वापर हा २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत ठरतो, व त्याची आकारणी दुप्पट दरानें होते. तसेंच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांप्रमाणें दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखीं किरकोळ कामें सोडून बाकी काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावें लागतें. कामाची लेखी पावती घेऊन ती जपून ठेवावी.

एवढ्या कामास जो खर्च येईल तो अनेकांस जड वाटेल. परंतु बैल दगावला तर दुसरा घेतां येतो. घरांतील कर्तें माणूस गेलें तर तें कोणत्याही बाजारांत मिळत नाहीं. यास्तव हें काम मृगाच्या आधींच उरकून घ्यावें, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंति आहे.