नाव चकवतं, वाडा सापडतो

गोव्यातल्या एखाद्या जुन्या गावात एकाच आडनावाची दहा घरं भेटतात आणि त्यांतली निम्मी एकमेकांची कुणीच लागत नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्याला बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं पोर्तुगीज आडनाव मिळे. भावाभावांचे बाप्तिस्मे वेगवेगळ्या वेळी झाले, की एका घरात दोन आडनावं आलीच. त्यामुळे मुंबईहून किंवा लिस्बनहून आडनाव घेऊन पूर्वज शोधायला निघालेला माणूस पहिल्याच वळणावर फसतो. गाव कोणतं, गावातला वाडा म्हणजे वस्ती कोणती, हे ठाऊक असलेला पुढे जातो.

कारण चर्चच्या वहीत ते लिहिलेलं असतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, तारीख, आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता सापडतात. पुष्कळदा वाडाही असतो आणि एकोणिसाव्या शतकात आजी-आजोबाही येऊ लागतात. या वह्या वंशावळीची हौस म्हणून सुरू झाल्या नाहीत. लग्नाला अडणारं नातं आहे का, वराचं आधीच कुठे लग्न झालंय का, हे चर्चला कळायला हवं होतं. धर्मपिता हेही तिथे लग्नाआड येणारं नातं. १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने लग्नाची वही सक्तीची केली ती याच काळजीतून. इंग्लंडात राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने असाच हुकूम १५३८मध्येच काढला होता. लिहिणाऱ्या पाद्रीला पणतू-खापरपणतूंची मुळीच चिंता नव्हती, म्हणूनच त्याच्या नोंदीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. घराण्याचं कौतुक करायला बसलेला माणूस जास्त थापा मारतो. आपल्याकडचे काही कुलवृत्तान्त याला साक्ष आहेत.

हल्ली या वह्यांना गिऱ्हाईक वाढलं ते वेगळ्याच कारणाने. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, आणि त्यासाठी जन्माचा कागद लागतो. गोव्यात नागरी नोंदणी १९१४पासूनची. आजोबा त्याआधी जन्मले असतील, तर चर्चच्या वहीला पर्याय नाही. जुन्या वह्यांपैकी बऱ्याच पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. या दप्तराची सुरुवात १५९५ची आणि त्याचा पहिला रखवालदार इतिहासकार दियोगु दु कोतु. वही हातात आली तरी काम संपत नाही. पोर्तुगीज नोंदी, त्यात शब्द तोडून लिहिण्याची खोड, आणि कीड. ‘फिल्यु’ म्हणजे मुलगा आणि ‘फिल्या’ म्हणजे मुलगी, एवढ्या भांडवलावर माणूस सुरुवात करतो आणि महिन्याभरात त्या पाद्रीचं अक्षर ओळखू लागतो.

हिंदू घराण्यांना ही वाट बंद. त्यांना गावकारीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या कारभाराची दप्तरं, देवळाच्या महाजनांच्या याद्या आणि त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रातल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या धुंडाळाव्या लागतात. तिथेही उपाध्याय पहिला प्रश्न विचारतो तो ‘मूळ गाव कोणतं?’ हाच.

मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी चर्चांची तऱ्हा निराळी. बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला जात. १७०९पासूनच्या या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नक्कल ठेवण्याचं मोल आयर्लंडला विचारावं. १९२२च्या जूनमध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यात स्फोट झाला आणि तिथे सुरक्षित म्हणून आणून ठेवलेल्या शेकडो चर्चवह्या जळाल्या. मुंबईच्या नकलांत मात्र एक खोच आहे. १७५२पूर्वी इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत फेब्रुवारी १७२० असेल, तर तो आपल्या हिशेबाने १७२१चा असतो. बाप मेल्यानंतर दीड वर्षाने मूल झालेलं दिसलं, तर आधी हे तपासावं, मग बभ्रा करावा.

वही हाडं देते. मांस द्यायला वर्तमानपत्र लागतं. पण तिथेही नाव दगा देतं. अठराव्या शतकाच्या शेवटी निघणाऱ्या ‘बॉम्बे कुरियर’च्या छपाईत लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो आणि संगणक तो तसाच वाचतो. जगन्नाथ शंकरशेट इंग्रजी पत्रांत ‘जगोनाथ संकरसेट’ होऊन बसलेले असतात. जन्माच्या जाहिरातीत कॅप्टनचं नाव असतं, बाळंतिणीचं नसतं. ती नुसती कॅप्टनची बाई. घरच्या आयेचं तर नावच सोडा. म्हणून जाणकार नावाऐवजी पलटण, जहाज, गल्ली टाकून शोधतात.

मराठी पत्रांत तारखेचा घोळ असतो. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१चा, म्हणजे शके १८०२च्या पौषातला. घरात ‘आजोबा पौषात गेले’ एवढंच माहीत असेल, तर जंत्री घेऊन बसावं लागतं, आणि शकात ७८ मिळवायचे की ७९ हे महिन्यावर ठरतं. मूळ अंकच मिळत नसेल, तर देशी पत्रांचा सारांश इंग्रजीत काढून सरकारला देणारे साप्ताहिक अहवाल पाहावेत. पाळत म्हणून तयार झालेल्या या कागदांनी कित्येक नामशेष पत्रांची आठवण तरी राखली.

वही आणि वर्तमानपत्र एकमेकांशेजारी ठेवल्याचा फायदा १८४३च्या एका प्रकरणात दिसतो. ब्राह्मण घरातल्या नारायण शेषाद्री यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. त्याला कोर्टाने वडिलांच्या हवाली केलं. मग त्याला जातीत परत घ्यावं का, यावर वाद पेटला आणि ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालाच नव्हता, म्हणून चर्चच्या वहीत त्याला जागा नाही. तो उरला आहे तो कोर्टाच्या आणि वर्तमानपत्रांच्या कागदांत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वर्तमानपत्रं लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापली जाऊ लागली. हा कागद उजेडात पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. त्याच्या मानाने गोव्यातला चिंध्यांचा जुना कागद दणकट. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडली असेल आणि तळाला अंथरलेली वर्तमानपत्रं अजून रद्दीवाल्याकडे गेली नसतील, तर ती घडी न मोडता बाजूला ठेवा. आणि घरात आजी असेल, तर तिला आधी गाव विचारा, मग वाडा. आडनाव शेवटी.