यंत्र नवे, व्यवस्था जुनी

तंजावरच्या उत्तरेस सुमारे तेरा किलोमीटरवर कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. संत-संगीतकार त्यागराज (१७६७–१८४७) यांचे बहुतेक आयुष्य येथे गेले. दर वर्षी पौष वद्य पंचमीस त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. त्या मेळ्यात व्हायोलिनचे स्वरही असतात. हे वाद्य मूळचे युरोपातील. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बालुस्वामी दीक्षितर आणि तंजावरच्या चार बंधूंपैकी वडिवेलु यांसारख्या वादकांनी ते दक्षिणेच्या संगीतात रुजवले. राग बदलले नाहीत, ताल बदलले नाहीत. वाद्याच्या तारा तेवढ्या षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा मिळवल्या गेल्या, आणि ते वाद्य मांडी घालून, त्याचे टोक पायावर टेकवून वाजवले जाऊ लागले. व्यवस्था जुनीच राहिली. तिला नव्या साधनाशी जोडणारा एक दुवा मात्र तयार करावा लागला.

संगणकाचा मुख्य भाग बदलून त्यातील कार्यप्रणाली कायम ठेवणे, हा या प्रकरणाचा विषय याच जातीचा आहे. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामधील कारभारी. कोणत्या आज्ञावलीला किती स्मृती द्यावयाची, तबकडीवर कोणती नोंद कोठे ठेवावयाची, हे सारे तीच ठरवते. आता असे समजा की, तिरुवैयारुतील एखाद्या संगीतशिक्षकाच्या संगणकात वीस वर्षांची ध्वनिमुद्रणे, स्वरलिप्या आणि शिष्यांच्या नोंदी आहेत, आणि एके दिवशी त्याचा मदरबोर्ड जळतो. तबकडी शाबूत आहे. नवा मदरबोर्ड आणि नवा प्रोसेसर बसवल्यावर संगणक पूर्वीसारखा सुरू होईल काय? की सारे पुसून आरंभापासून मांडणी करावी लागेल?

हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. १९६० पूर्वीच्या काळात नवा संगणक घेणे म्हणजे बहुधा साऱ्या आज्ञावल्या नव्याने लिहिणे असे. एप्रिल १९६४ मध्ये आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ हे संगणकांचे कुटुंब जाहीर केले आणि ही अडचण मुळापासून हाताळली. कुटुंबातील लहान-मोठी यंत्रे अंतर्रचनेने भिन्न असली, तरी त्यांना समजणाऱ्या आज्ञांचा संच एकच होता. लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली त्यामुळे मोठ्या यंत्रावरही चालू शकली. यंत्राचे ‘बाह्य वचन’ आणि त्याची ‘अंतर्गत घडण’ यांची ही फारकत झाली नसती, तर आजचा आपला प्रश्न विचारण्यातही अर्थ नव्हता.

आपल्या देशातील एक उदाहरण पुष्कळांच्या परिचयाचे आहे. आराधनेसाठी दूरवरून येणारे अनेक रसिक रेल्वेने तंजावरला उतरतात, आणि त्यांचे आरक्षण संगणकाद्वारे होते. रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचा आरंभ १९८५ च्या सुमारास दिल्लीत व्हॅक्स जातीच्या संगणकांवर झाला. त्यांची कार्यप्रणाली होती व्हीएमएस. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे परस्परांशी जोडली गेली. यंत्रे बदलत गेली, व्हॅक्सनंतर अल्फा आणि अल्फानंतर इटॅनियम. कार्यप्रणालीचे घराणे मात्र तेच राहिले. अर्थात येथे प्रोसेसरची भाषाच प्रत्येक वेळी बदलत होती. त्यामुळे जुनी तबकडी उचलून नव्या यंत्रात बसवणे पुरेसे नव्हते. कार्यप्रणालीची नव्या भाषेतील आवृत्ती घेऊन आज्ञावल्याही त्या भाषेत उतरवून घ्याव्या लागतात. घरगुती संगणकात एका इंटेल वा एएमडी प्रोसेसरच्या जागी दुसरा येतो, तेव्हा भाषा बहुधा तीच राहते. म्हणून आपल्या शिक्षकाचे काम रेल्वेच्या कामापेक्षा पुष्कळ सोपे आहे. तरीही त्यात एक पेच आहे.

तो समजण्यासाठी संगणक जागा कसा होतो ते पाहू. वीज मिळताच मदरबोर्डवर कायम कोरलेली एक छोटी आज्ञावली चालू होते. ती स्मृती तपासते आणि तबकडीवरील प्रारंभक शोधते. प्रारंभक कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो आणि कारभार त्याच्या हाती सोपवतो. येथून पुढे तबकडी वाचण्याचे काम गाभ्याला स्वतः करावयाचे असते. त्यासाठी त्या मदरबोर्डवरील तबकडी-नियंत्रकाची भाषा जाणणारा दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, त्याच्यापाशी हवा. परंतु ड्रायव्हर तर तबकडीवरच ठेवलेले! कुलूपबंद पेटीची किल्ली पेटीतच असावी, तसा हा प्रकार होय.

यावर निरनिराळ्या कार्यप्रणालींनी निरनिराळे उपाय योजले आहेत. विंडोजमध्ये काही ड्रायव्हर ‘प्रारंभीच आवश्यक’ असे नोंदवलेले असतात. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या काळात नव्या नियंत्रकाचा ड्रायव्हर या नोंदीत नसला, की निळा पडदा दिसून संगणक थांबत असे. विंडोज १० व ११ या आवृत्त्या पहिल्या प्रारंभाच्या वेळी बहुतेक सामान्य उपकरणे स्वतःच ओळखतात. लिनक्समध्ये गाभ्याबरोबर ड्रायव्हरांची एक छोटी शिदोरी आधीच स्मृतीत आणली जाते. डेबियन व उबुंटू यांच्या शिदोरीत सर्वसाधारणपणे नाना प्रकारचे ड्रायव्हर असतात. फेडोरा ती मुख्यतः चालू यंत्रापुरतीच बांधते. म्हणून फेडोरात यंत्र बदलण्यापूर्वी ही शिदोरी सर्वसमावेशक करून घेणे शहाणपणाचे ठरते.

केवळ प्रोसेसर बदलावयाचा असेल, तर कार्यप्रणालीला त्याचा फारसा पत्ताही लागत नाही. मदरबोर्डवरील कोरीव आज्ञावली नव्या प्रोसेसरला ओळखणारी आहे ना, एवढेच पाहावे आणि ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करून घ्यावी. मदरबोर्ड बदलताना मात्र तीन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, प्रारंभाची रीत: जुन्या बायोस पद्धतीने मांडलेली तबकडी केवळ नव्या यूईएफआय पद्धतीनेच सुरू होणाऱ्या यंत्रात जागी होणार नाही. दुसरी, तबकडी-नियंत्रकाची पद्धत: ती जुन्या यंत्रात जशी होती तशीच नव्यात ठेवावी. तिसरी, परवाना: यंत्राबरोबर आलेला विंडोजचा परवाना साधारणतः मदरबोर्डशी बांधलेला असतो; स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना नव्या यंत्रावर नेता येतो.

याहून गंभीर धोका कुलुपाचा आहे. आजच्या अनेक संगणकांत तबकडीवरील मजकूर सांकेतिक रूपात ठेवला जातो आणि त्याची किल्ली मदरबोर्डवरील वा प्रोसेसरमधील सुरक्षा-घटकात जपलेली असते. तो घटक बदलला की तबकडी पुनःप्राप्तीची किल्ली मागते. अठ्ठेचाळीस अंकांची ही किल्ली आधी कोठेतरी लिहून वा साठवून ठेवलेली नसेल, तर तबकडी धडधाकट असूनही तिच्यातील अक्षर वाचता येत नाही. आपल्या शिक्षकाची वीस वर्षांची ध्वनिमुद्रणे जळालेल्या पाटीमुळे जाणार नाहीत. न जपलेल्या अठ्ठेचाळीस अंकांमुळे मात्र जाऊ शकतील. म्हणून यंत्र चालू आहे तोवरच ही किल्ली कागदावर उतरवावी, आणि ठरवून बदल करावयाचा असेल तर कुलूप काही काळ स्थगित करावे.

कामाचा क्रम यावरून आपोआप ठरतो. प्रथम साऱ्या सामग्रीची प्रत वेगळ्या तबकडीवर घ्यावी आणि ती उघडून वाचून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच. मग किल्ली व परवाना यांची नोंद करावी. नव्या मदरबोर्डच्या जाळेजोडणीचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा, कारण जोडणीच नसेल तर तो नंतर मिळवणे कठीण. त्यानंतर भाग बदलावेत, पहिल्या प्रारंभास पुरेसा वेळ द्यावा आणि शेवटी जुन्या यंत्राचे निरुपयोगी ड्रायव्हर काढून टाकावेत.

जुनी मांडणी प्रत्येक वेळी टिकवावीच, असे मात्र नव्हे. ती वर्षानुवर्षांच्या गाळाने मंदावली असेल, किंवा तिच्या निर्मात्याने तिची देखभाल थांबवली असेल, तर नवी मांडणी करून जुनी सामग्री तीत आणणे श्रेयस्कर. रेल्वेलाही हा प्रसंग टळला नाही. इटॅनियमचा पुरवठा २०२१ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये आरक्षणव्यवस्था क्लाउडवर आधारित तंत्रज्ञानाकडे नेण्याचे काम हाती घेतल्याचे सांगण्यात आले. यंत्र झिजते, कार्यप्रणालीही कालांतराने जुनी होते. त्यांच्या आश्रयाने राहिलेली माणसाची सामग्री, मग ती प्रवाशाची जागा असो वा गुरूने गायिलेली कृती, पुन्हा निर्माण करता येईलच असे नाही. कोणताही भाग बदलण्यापूर्वी तिची दुसरी प्रत सुरक्षित करणे हे या साऱ्या विद्येतील पहिले कर्तव्य होय.