हुकलेलं ऑपरेशन, वाचलेली पिशवी
उचलीचे पैसे संपले आणि पिशवीचं ऑपरेशन हुकलं, म्हणून दिंद्रुडची एक ताई रडली होती. सरकारी दवाखान्यात तपासल्यावर अंगावरून पांढरं जाण्याचं कारण जंतुसंसर्ग निघालं. नवरा-बायको दोघांनी गोळ्या घेतल्या, त्रास थांबला. हुकलं तेच बरं झालं!

भगिनींनो, २०१९ च्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं, तर पाळी जाण्याचे त्रास अकाली सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. मोठ्या गाठी, कर्करोग यांत ऑपरेशन लागू शकतं. रक्त जास्त जात असेल तर थांबू नका. पण ‘पुढं कॅन्सर होईल’ एवढ्या भीतीनं सही करू नका. आधी सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. काढलेली पिशवी परत बसत नाही.