मानधनावर चालणारे सरकार

1951 साली अ‍ॅना राजम जॉर्ज भारतीय प्रशासकीय सेवेत रुजू झाल्या, तेव्हा लग्न केल्यास सेवा संपुष्टात येईल, अशी अट त्यांच्या नियुक्तीला जोडलेली होती. सरकारी नोकरीत स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, हे सांगणारे संविधानाचे सोळावे कलम त्या वेळी अमलात आलेले होते. पुढे ही अट गेली, त्यांनी लग्नही केले आणि न्हावा शेवा बंदराच्या उभारणीची धुरा सांभाळली. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मांना मात्र असल्याच नियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. 1979 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. दोन वर्षांनी हवाई सुंदरींच्या खटल्यात पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवण्याचा एअर इंडियाचा नियम न्यायालयाने रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र त्याच निकालाने कायम ठेवली. या साऱ्या प्रकरणांत सरकार किंवा सरकारी महामंडळ स्त्रीला कामावर घ्यायला तयार होते. अडचण होती ती कोणत्या शर्तीवर घ्यायचे याची, आणि माझ्या मते समान संधीचा प्रश्न आजही तिथेच अडलेला आहे.

शिक्षणाचे दार बऱ्याच अंशी उघडले आहे, हे आधी मान्य करायला हवे. 1848 मध्ये भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, 1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. पण मुलींची संख्या खऱ्या अर्थाने वाढली ती गावोगावच्या शाळा, फीमाफी आणि एसटीचा मोफत पास यांमुळे. केंद्राच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुलींचे पटनोंदणीचे प्रमाण 28.5 टक्के, तर मुलांचे 28.3 टक्के आहे. महाराष्ट्राने 2024-25 पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. वसतिगृह, खानावळ आणि शिकवणीचा खर्च त्यात येत नाही, आणि तालुक्याच्या गावातल्या मुलीचे शिक्षण बहुधा तिथेच थांबते. तरीही आज राज्यात शिकलेल्या मुली नाहीत, ही सबब कोणत्याही खात्याला सांगता येणार नाही.

मग नोकरीचे काय? 1994 च्या महिला धोरणाने सरकारी सेवेत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या. यावर नेहमीचा आक्षेप गुणवत्तेचा. तो घेणाऱ्यांनी या आरक्षणाची रीत समजून घेतलेली दिसत नाही. हे आरक्षण समांतर आहे. एखाद्या प्रवर्गाच्या गुणवत्ता यादीत स्वतःच्या गुणांवर आलेल्या स्त्रिया आधी मोजायच्या. त्यांची संख्या पुरेशी असेल तर कोटा तिथेच भरतो, वेगळी जागा द्यावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये हे स्पष्ट केले. म्हणजे मुली जितक्या पुढे जातील तितका या तरतुदीचा वापर आपोआप कमी होईल. खरी कटकट गुणवत्तेपेक्षा कागदपत्रांची होती: खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागेसाठी लागणारा नॉन-क्रिमीलेअर दाखला 2023 पर्यंत मागितला जात होता. राज्याला पहिली महिला मुख्य सचिव, सुजाता सौनिक, मिळायला 2024 उजाडले. त्याचे कौतुक व्हायलाच हवे, पण वरच्या एका खुर्चीवरून खालच्या रांगेचा अंदाज बांधता येत नाही.

ती खालची रांग फार लांब आहे आणि ती आस्थापनेच्या हिशेबात धरलीच जात नाही. 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस आल्या, 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. देशात आशांचीच संख्या दहा लाखांच्या आसपास आहे आणि या कामांवर केवळ स्त्रियाच घेतल्या जातात. लसीकरण, गरोदर बायांची नोंद, पोषण आहार, मुलांची वजने, वर कोणतेही सर्वेक्षण आले की तेही यांच्याच गळ्यात. राज्यात नवीन सेविकेला बारावीची अट आहे, म्हणजे शिक्षण सरकार मागते. पगाराच्या जागी मात्र मानधन असते, आणि आशांच्या बाबतीत तर बरेचसे कामागणिक. सेविका नागरी पद धारण करत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेच 2006 मध्ये म्हटले होते. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला.

याला दोन उत्तरे दिली जातात. पहिले, हे अर्धवेळ स्वयंसेवी काम आहे. पण ज्या कामाला ठरलेली वेळ, हजेरी, मोबाइलवरची रोजची नोंद आणि कसूर झाल्यास काढून टाकण्याची तरतूद आहे, त्याला स्वयंसेवा म्हणणे सरकारच्याच सोयीचे. 2022 च्या निकालातही अर्धवेळपणाचा हा युक्तिवाद टिकला नाही. दुसरे उत्तर पैशाचे, आणि ते अधिक वजनदार आहे. लाखो जणींना एका फटक्यात वेतनश्रेणी देणे कोणत्याही राज्याला जड जाईल, यात शंका नाही. मात्र नियमित कर्मचाऱ्यांसाठी वेतन आयोग नेमताना हीच तिजोरी वाट काढते. इथे काटकसर नेमकी त्याच कामांत होते जी बायकांची मानली जातात. मुलांना भरवणे, आजाऱ्याची विचारपूस करणे घरात फुकट होते, म्हणून सरकारातही स्वस्त असावे, असा तो अलिखित हिशेब आहे. टप्प्याटप्प्याने करता येण्याजोगे पुष्कळ आहे: भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची पगारी रजा, पर्यवेक्षिकेच्या पदांवर सेविकांना आज मिळतो त्याहून मोठा वाटा, आणि आशांना परिचारिका प्रशिक्षणात राखीव जागा. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टींना नव्या पैशांची गरजही फारशी नाही, सेवाप्रवेश आणि प्रवेशाचे नियम बदलावे लागतील इतकेच.