संदर्भसूचीची मांडणी

प्रबंधाच्या अखेरीस जोडलेली संदर्भसूची हा कित्येकांना निव्वळ कारकुनी सोपस्कार वाटतो. परंतु ज्या वाचकास लेखकाचे विधान मूळ आधाराशी ताडून पाहावयाचे असते, त्याच्या दृष्टीने ती साक्षीपुराव्याची फेरिस्तच होय. आडनाव, आद्याक्षरे, प्रकाशनवर्ष, ग्रंथनाम, प्रकाशक हा क्रम अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पद्धतीत रूढ असून, १९२९ साली अवघ्या सात पानांत मावलेले ते नियम आज जाडजूड ग्रंथ होऊन बसले आहेत.

मराठी साधनांपुढे मात्र ते अडखळतात. ज्ञानेश्वरांच्या नोंदीस आडनावाचा जाच नाही. पण केशवसुतांची नोंद त्याच नावाखाली करावी की ‘दामले, कृष्णाजी केशव’ अशी, याचा निवाडा करताना शीर्षकपृष्ठावरील नाव प्रमाण मानून दुसऱ्या नावाखाली ‘पाहा’ अशी जोडनोंद द्यावी, हेच मला सयुक्तिक वाटते. जुन्या ग्रंथावर केवळ शक छापलेला असल्यास त्यात ७८ मिळवून इसवी सन काढतात. तथापि शकवर्ष चैत्रात पालटत असल्याने जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या प्रकाशनास ७९ मिळवावे लागतात, सबब महिना अज्ञात असेल तेथे ‘शके १८२० [१८९८-९९]’ असे लिहावे.