डिप्लोमावाल्या पोराला सीईटी कशाला?

गेल्या आठवड्यात खेडकडचे एक काका दापोडीला माझ्या घरी आले. पोरगं मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. पुढं इंजिनिअरिंगला जायचं तर सीईटीचा क्लास लावा, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. फीसाठी कांदा काढायचा बेत होता. म्हटलं, "काका, कांदा चाळीतच राहू द्या."

नियम असा आहे. बारावीनंतर पहिल्या वर्षाला जायचं तर एमएचटी-सीईटी किंवा जेईई लागते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला मुलगा मात्र थेट दुसऱ्या वर्षाला जातो, आणि त्याची गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते. किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. जागा म्हणाल तर मंजूर संख्येच्या वर १० टक्के, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. (आमच्या कृषी पदविकेला हा नियम लावू नका, तिचं वेगळं आहे.)

शेजारच्या कर्नाटकात डिप्लोमावाल्यांनाही सीईटी असते, आंध्र-तेलंगणात ईसीईटी. त्यातही तथ्य आहे. आपल्याकडे बहुतेक तंत्रनिकेतनांची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते, पण पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या स्वायत्त संस्था आपली आपणच घेतात. दोन्हीकडचे ८० टक्के एकाच तागडीत पडतात. तरी मला आपली पद्धत खेड्यातल्या पोराला सोयीची वाटते. क्लासचा खर्च नाही, आणि एका दिवशी ताप आला म्हणून सगळं पाण्यात जात नाही.

पण गुण कमी पडले तर वर काढायला दुसरी परीक्षाही नाही, हे ध्यानात घ्या. चाकणला रात्रपाळी करून शेवटचं वर्ष निभावू म्हणणाऱ्या पोराला घरच्यांनी आवरावं. दापोडीहून लोकलनं दोन स्टेशनं गेलं की शिवाजीनगरला सीओईपी. तिथं जायचं तर पास होऊन भागत नाही.

ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी भाऊसाहेब, यांनाही विनंती. उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी निकालाआधीच उरकून द्या. जात पडताळणीचं प्रकरण तर त्याच्याही आधी जायला हवं. यादीत नाव असून कागदापायी राखीव जागा गेलेली पोरं मी पाहिली आहेत.

काकांनी पिशवीतून नॉन-क्रीमीलेअरचा दाखला काढून दाखवला. मुदत ३१ मार्चलाच संपलेली. चहा अर्धा ठेवून ते राजगुरुनगरच्या तहसील कचेरीकडे निघाले.