शेकोटीच्या लाकडाची गिटार

शाळेच्या प्रयोगशाळेतील सोनोमीटर तुम्ही पाहिला असेल. एक लांबट पोकळ पेटी, तिच्यावर ताणलेली पोलादी तार, तारेच्या टोकाला टांगलेली वजने आणि तारेखाली पुढेमागे सरकणाऱ्या दोन घोड्या. तारेची लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर चढतो, हे आपण त्यावर पडताळून पाहतो, आकडे वहीत उतरवतो आणि घंटा झाली की उठतो. या नियमांच्या जोरावर घरच्या घरी एखादे खरेखुरे वाद्य तयार करता येईल का?

१९६३ च्या ऑगस्टमध्ये लंडनजवळ राहणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलाने हे करून पाहायचे ठरवले. त्याचे नाव ब्रायन मे. त्याला विजेवर वाजणारी गिटार हवी होती. पण दुकानातील गिटार घरच्या ऐपतीबाहेरची होती. वडील हॅरल्ड मे यांना इलेक्ट्रॉनिक्सची चांगली जाण होती आणि हातात सुतारकामाचे कसब होते. बापलेकांनी मिळून काम हाती घेतले. ते पुरे व्हायला सुमारे दोन वर्षे लागली.

सामान कोठून आणले ते ऐकण्यासारखे आहे. वाद्याची दांडी एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कापून काढली. त्या लाकडाला कीड लागून भोके पडली होती. ती आगकाड्या ठोकून बुजवली. धडाच्या मधला भाग जुन्या टेबलाच्या ओक लाकडाचा. दांडीवरचे पांढरे ठिपके आईच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्यांचे. म्हणजे बरेचसे सामान अडगळीतले. मग वाद्य सुरेल कसे झाले? लाकूड जुने असले तरी मापे मात्र काटेकोर होती.

पडद्यांचे गणित

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. वादक ते सरकवून स्वर जुळवून घेतो. गिटारीचे पडदे म्हणजे दांडीत ठोकून बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या. एकदा ठोकल्या की हलत नाहीत. म्हणून त्यांच्या जागा आधीच गणिताने काढाव्या लागतात.

एका सप्तकात शुद्ध, कोमल आणि तीव्र मिळून बारा स्वर येतात. सप्तक पुरे झाले की कंपनांची वारंवारता दुप्पट होते. बाराही पायऱ्या सारख्या हव्या असतील, तर प्रत्येक पायरीला वारंवारता अशा एका संख्येने गुणली पाहिजे, की ती संख्या बारा वेळा घेऊन गुणाकार केल्यास उत्तर २ यावे. ही संख्या सुमारे १.०५९४६ आहे. ताण तोच असेल तर वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. तेव्हा प्रत्येक पडद्याला तारेची उरलेली लांबी याच संख्येने भागायची.

ब्रायनच्या गिटारीत तारेची वाजणारी लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर आहे. तिला १.०५९४६ ने भागल्यास ५७५.४ येतात. म्हणून पहिला पडदा वरच्या टोकापासून ३४.२ मिलिमीटरवर. पुन्हा भागल्यास ५४३.१ उरतात, म्हणून दुसरा पडदा त्यापुढे ३२.३ मिलिमीटरवर. पडदे घोडीकडे जाताना जवळजवळ का येतात, हे आता ध्यानात येईल. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३०४.८ मिलिमीटरवर येतो.

जुने कारागीर एक सोपा नियम वापरीत: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा ठोकायचा. सोळाव्या शतकात हे प्रमाण व्हिन्चेन्झो गॅलिलेई या इटालियन संगीतज्ञाने मांडले होते. हा गॅलिलिओचा पिता. या नियमाने बारा पडदे मोजून पाहा. ३०४.८ च्या जागी सुमारे ३०७ मिलिमीटर लांबी उरते. चूक अवघी दोन मिलिमीटरांची. पण ती एका पायरीच्या आठव्या भागाएवढी भरते आणि बारीक कानाला खुपते. अचूक भाजक १८ नसून १७.८१७ आहे.

बेस गिटारीलाही हेच गणित लागू पडते. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, साध्या गिटारीची सुमारे ८२. तार जड आणि लांब असली की कंपने मंदावतात. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ साली विजेवरची, पडदे असलेली बेस गिटार बाजारात आणली. तिचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता. आधीच्या मोठ्या उभ्या बेस वाद्याला पडदे नसत. स्वराची जागा बोटाला आणि कानालाच शोधावी लागे.

तारेतून वीज

विजेवरच्या गिटारीला मोठी पोकळ पेटी लागत नाही, कारण तारेचा आवाज हवेतून उचलला जात नाही. तारांच्या खाली ‘पिकअप’ नावाचा भाग असतो. त्यात चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात असल्याने स्वतःही चुंबकित होते. ती कंप पावली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि फॅरडेच्या नियमानुसार वेढ्यांत विद्युत्दाब निर्माण होतो. तारेने सेकंदाला ८२ कंपने केली, तर दाबही ८२ वेळा मागेपुढे होतो. हा क्षीण दाब विवर्धकाने वाढवून ध्वनिक्षेपकाला देतात.

ब्रायनने पिकअपही घरी केले. दुकानात मिळणारी बटणाच्या आकाराची चुंबके आणून त्यांभोवती तार गुंडाळली. पिकअप वाजले, पण बोटाने तार आडवी ओढून स्वर चढवला की एक नको असलेला आवाज येई. तार एका चुंबकावरून शेजारच्या चुंबकाकडे सरकत होती आणि तेथील क्षेत्राची रचना त्यासाठी योग्य नव्हती. इतक्या मेहनतीने केलेली वस्तू शेवटी बाजूला ठेवावी लागली. त्याने बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत घेतले. मात्र तेही जसेच्या तसे बसवले नाहीत. सैल वेढे स्वतःच थरथरले तर कर्कश शिटी उठते. म्हणून त्याने ते चिकट राळेत घट्ट बसवले.

तीन पिकअप कशासाठी? तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. मूलस्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही उमटतात. ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू पिकअपच्या नेमका वर येतो, तो त्या पिकअपला ऐकूच येत नाही. घोडीजवळचा पिकअप तीक्ष्ण आवाज देतो, दांडीजवळचा भरदार. ब्रायनने तिन्ही पिकअप एकसर जोडणीत ठेवले आणि प्रत्येकाला दोन कळ दिल्या: एक चालूबंद करण्यासाठी, दुसरी दाबाची दिशा उलटवण्यासाठी. दोन पिकअपांपैकी एक उलटा जोडला की मूलस्वर बराचसा वजा होतो. कारण मूलस्वरात तार दोन्ही ठिकाणी एकाच दिशेने हलते. काही उपस्वरांत ती दोन ठिकाणी विरुद्ध दिशांना हलते; ते मात्र बेरीज होऊन उठून दिसतात. गिटार तीच, पण आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो.

धारेवरची घोडी

वादकाला दांडा दाबून सगळ्या तारा एकदम सैल करून स्वर लववता यावा, अशी सोय काही गिटारींना असते. अडचण पुढची. दांडा सोडल्यावर तारा मूळ ताणावर परत यायला हव्यात. वाटेत घर्षण झाले तर त्या अलीकडेच अडकतात आणि वाद्य बेसूर होते.

बापलेकांनी यासाठी तुमच्या प्रयोगशाळेतील तराजूचेच तत्त्व वापरले. रासायनिक तराजूची दांडी धारेवर तोललेली असते, म्हणून ती किंचित वजनालाही झुकते. त्यांनी जुन्या कठीण पोलादी सुरीची धार घेऊन घोडी तिच्यावर तोलली. एका बाजूला तारांची ओढ, दुसऱ्या बाजूला १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या इंजिनातील दोन स्प्रिंगा. सहा तारांची एकूण ओढ साधारणपणे चाळीस किलोग्रॅम वजनाइतकी किंवा त्याहून जास्त असते. तेवढा भार तोलायला त्या स्प्रिंगा कामी आल्या. तारा घासू नयेत म्हणून घोडीवर लहान रूळ बसवले. दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा.

ही गिटार पुढे जगभर वाजली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘क्वीन’ या वाद्यवृंदात ब्रायन मे तीच वाजवी. त्याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता. ब्रायनने खगोलभौतिकीचे अर्धवट राहिलेले संशोधन पुढे पुरे केले आणि २००७ मध्ये सूर्यमालेतील धुळीवरच्या प्रबंधासाठी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजची डॉक्टरेट मिळवली.

करून पाहा

जुन्या, टाकून दिलेल्या टेलिफोनचा कानाला लावण्याचा भाग मिळवा. त्याचे झाकण उघडून वरची पातळ धातूची चकती काढा. आत चुंबक आणि वेटोळे दिसेल. त्याची दोन टोके बॅटरीवर चालणाऱ्या लहान विवर्धकाच्या मायक्रोफोनच्या जागी जोडा. हा भाग सोनोमीटरच्या पोलादी तारेखाली दोन-तीन मिलिमीटर अंतरावर धरून तार छेडा. (घरच्या विजेवर चालणारा विवर्धक उघडू नका, जोडणी शिक्षकांना दाखवूनच करा.) पिकअप मध्यावरून टोकाकडे न्या आणि आवाजातला फरक टिपून ठेवा. चुंबक तारेच्या फार जवळ नेल्यास तारेचे कंपन लवकर का मंदावते, याचाही विचार करा.

मग पोलादी तार काढून तितकीच पितळेची तार ताणा. कानाला ती ऐकू येईल, पण विवर्धक जवळजवळ गप्प राहील. असे का होते? उत्तर या लेखातच आहे; शोधून वहीत लिहा.